ती रडणारी उंटीण खरी की शूटिंग? ब्याम्बासुरेन दवाचे सिनेमे समजून घेताना

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक क्लिप आली. वाळवंट, गोल तंबू, दोन मदारींची उंटीण, शेजारी पांढरं पिल्लू, एक बाई गातेय, कोणीतरी सारंगीसारखं काहीतरी वाजवतंय, आणि थोड्या वेळानं त्या उंटिणीच्या डोळ्यातून घळाघळा पाणी. खाली दोन तट पडले. मावशी म्हणाली बघा मुक्या जनावरालाही कळतं, आणि आतेभाऊ म्हणाला सगळं शूटिंग असतं गं, डोळ्यात काहीतरी घालतात. मी तेव्हा गप्प बसले कारण याचं उत्तर एका मेसेजमध्ये बसणारं नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

ती क्लिप एका मंगोलियन दिग्दर्शिकेच्या 2003 सालच्या 'द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल' या सिनेमातली आहे. तिचं नाव ब्याम्बासुरेन दवा. आणि 'खरं की शूटिंग' हा जो प्रश्न आमच्या ग्रुपवर पडला तोच ऑस्करवाल्यांनाही पडला असणार, कारण तो एकच सिनेमा दोन वर्षांत दोन वेगळ्या रांगांमध्ये उभा राहिला. त्याबद्दल पुढे.

आधी नावाचं बघू

मंगोलियात आपल्यासारखं आडनाव नसतं. माणसाचं स्वतःचं एक नाव, आणि ओळखीसाठी सोबत वडिलांचं नाव. म्हणजे ब्याम्बासुरेन हे तिचं नाव आणि दवा हे वडिलांचं, त्यामुळे 'दवा मॅडम' म्हटलं तर आपण तिच्या वडिलांना हाक मारतोय असं होतं, म्हणून मी ब्याम्बासुरेनच म्हणणार. ब्याम्बा म्हणजे शनिवार, दवा म्हणजे सोमवार, हे शब्द तिबेटीतून तिकडे गेलेत. याशिवाय मंगोलियनमध्ये ग्रहांची आणि वारांची एक जुनी यादीही आहे, ती एकदा मोठ्यानं वाचा: आदिया, सुमिया, अंगारग, बुद, बर्हसबादी, सुगर, सांचिर. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत शब्द तिथवर पोचले आणि तिथल्या जिभेवर गोल झाले. अंगारकी चतुर्थीतला अंगारक मंगोलियात भेटतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर प्रत्येकाला सांगत सुटले होते.

तर ब्याम्बासुरेनचा जन्म 1971 चा, उलानबातरचा, म्हणजे राजधानीतली मुलगी. आजी-आजोबा मात्र गुरं घेऊन फिरणारे. मंगोलियात तेव्हा समाजवादी राजवट होती, आणि सिनेमा म्हणजे सरकारचं काम, 1935 मध्ये सोव्हिएत मदतीनं सुरू झालेला मंगोलकिनो नावाचा स्टुडिओ, तोच सगळं बनवायचा. 1990 मध्ये राजवट बदलली, सरकारी पैसा आटला आणि सिनेमाही जवळपास आटला. ब्याम्बासुरेन तिथल्या टीव्हीवर निवेदिका होती, सहायक दिग्दर्शनही करायची, मग उलानबातरमध्येच सिनेमाचं शिक्षण घेतलं आणि 2000 मध्ये जर्मनीत म्युनिकच्या फिल्म स्कूलमध्ये गेली. उंटिणीचा सिनेमा तिनं विद्यार्थी असतानाच केलाय, लुइगी फालोर्नी या इटालियन वर्गमित्राबरोबर, कॅमेराही त्याचाच.

उंटिणीला पान्हा का फुटत नाही

ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे त्यांना ही गोष्ट समजावायला लागणार नाही. पहिलटकरीण असेल किंवा वेताला फार त्रास झाला असेल तर कधीकधी जनावर वासराला जवळच करत नाही. लाथ मारतं, तोंड फिरवतं. वासरू सडाला लागत नाही, आणि पान्हा सोडल्याशिवाय दूध नाही. व्याल्यावर पहिल्या काही तासांत आई पिल्लाला चाटते, त्याचा वास ओळखून घेते आणि त्याच वेळी शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन सुटतं, दूध उतरायला आणि माया लागायला दोन्हीला तेच कारणीभूत. वेदना आणि भीती जास्त झाली की हीच साखळी तुटते.

गोबी वाळवंटात दोन मदारींच्या उंटिणीचं असं झालं तर मामला जास्त गंभीर. उंटीण तेरा महिने गाभण असते, साधारण दोन वर्षांतून एकच पिल्लू. ते पिल्लू गेलं तर घरच्यांचं दोन वर्षांचं नुकसान, आणि पिल्लाचा जीव जातो तो वेगळाच.

त्यावर तिथे उपाय आहे 'खूस'. आई आणि पिल्लू जवळजवळ बांधायचे आणि गायचं. बोल फारसे नसतात, खूस खूस खूस असा एकच शब्द पुन्हा पुन्हा, हळू चालीत, सोबत मोरिन खूर, म्हणजे दोन तारांचं, वर घोड्याचं डोकं कोरलेलं वाद्य, किंवा मग बासरी. वेळ पहाटेची किंवा सांजेची. तासन् तास चालू शकतं. सिनेमात गाणं सुरू करायच्या आधी ते वाद्य उंटिणीच्या मदारीला अडकवून ठेवतात, वारा तारांतून जातो आणि वाद्य आपसूक गुणगुणायला लागतं, मला तर तो क्षण अश्रूंपेक्षाही मोठा वाटतो.

ही प्रथा सिनेमानं शोधून काढलेली नाही. 2015 मध्ये युनेस्कोनं तिला तातडीनं जपायला हव्यात अशा परंपरांच्या यादीत घातलं, कारण गुरांमागे फिरणारी माणसं शहरात चाललीत, आणि उंट कमी झाले की गाणारेही कमी होतात.

बरं, मग अश्रू खरे का? अश्रू खरे आहेत. उंटाच्या डोळ्यातून पाणी येतंच, वाळू धुवायला ते लागतं. ते पाणी 'भावनेचं' आहे असं विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही, आणि मी तसा दावाही करणार नाही. पण थोड्या वेळापूर्वी लाथा मारणारी आई पिल्लाला अंगाशी घेते आणि दूध पाजते, हे पडद्यावर दिसतं आणि ते कोणी उंटिणीकडून पाठ करून घेऊ शकत नाही. म्हणजे मावशी पूर्ण बरोबर नाही, पण आतेभावापेक्षा जास्त बरोबर आहे.

मग शूटिंग कुठलं?

आता गुंतागुंतीचा भाग. सिनेमातलं कुटुंब खरं आहे, चार पिढ्या एकत्र राहणारं, सगळे स्वतःच्याच नावानं स्वतःचीच भूमिका करतात. उंटिणीचं वेत खरं, तिनं पिल्लू झिडकारणं खरं. पण दोन मुलं वादकाला आणायला उंटावरून तालुक्याच्या गावी जातात, तिथे धाकट्याला टीव्हीची भूल पडते, हा प्रवास गोष्टीसारखा रचून, ठरवून चित्रित केलेला. या प्रकाराला डॉक्युफिक्शन म्हणतात: माणसं आणि जगणं खरं, मांडणी गोष्टीची. शब्द एवढाच लक्षात ठेवा, परत लागला तर लागेल.

आपल्या लग्नाचा व्हिडिओ आठवा. फोटोग्राफर म्हणतो वहिनी, हार परत एकदा घाला, इकडे बघून. तुम्ही परत घालता. म्हणून लग्न खोटं होतं का? नाही ना. हार परत घालता येतो, पण पाठवणीच्या वेळी आईला आलेलं रडू परत घेता येत नाही, तिथे फोटोग्राफर तयार असला तर मिळालं, नाहीतर गेलं. ब्याम्बासुरेनच्या सिनेमात हे दोन्ही प्रकारचे शॉट शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि सांधा दिसत नाही, यातच तिचं कसब.

हे तिनं पहिल्यांदा केलं असंही नाही. 1922 मध्ये रॉबर्ट फ्लाहर्टीनं उत्तर कॅनडातल्या इनुइट शिकाऱ्यावर 'नानूक ऑफ द नॉर्थ' केली, जिला जगातल्या पहिल्या मोठ्या डॉक्युमेंटरींपैकी एक मानतात, आणि त्यात आत उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धंच बांधलं होतं, शिकाऱ्याचं नावही नानूक नव्हतं. फरक एवढा की फ्लाहर्टीनं बंदुका वापरणाऱ्या माणसांना भाल्यानं शिकार करायला लावलं, म्हणजे त्यांना होते त्यापेक्षा जुनं दाखवलं. ब्याम्बासुरेन तसं करत नाही. तिच्या सिनेमात मोटरसायकल येते, टीव्ही येतो, डिश अँटेना येते.

आणि आता ऑस्करचं. मंगोलियानं हा सिनेमा आधी परदेशी भाषेतल्या सिनेमांच्या विभागात पाठवला, जिथे बहुतेक कथापट असतात. तिथे नॉमिनेशन मिळालं नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे 2005 च्या सोहळ्यात, हाच सिनेमा डॉक्युमेंटरी विभागात नॉमिनेट झाला. (त्या वर्षी तो ऑस्कर मिळाला कोलकात्याच्या सोनागाचीतल्या मुलांवरच्या डॉक्युमेंटरीला.) अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनंही या दोघांना डॉक्युमेंटरीचाच पुरस्कार दिला. मला यात गोंधळ दिसत नाही. सिनेमाच तसा आहे, कुठल्याही एका खणात घातला तरी थोडा बाहेर राहतो.

कुत्रा, सुई आणि वितळलेला डाव

तिचा दुसरा सिनेमा, 2005 चा, 'पिवळ्या कुत्र्याची गुहा'. माझा सगळ्यात आवडता, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

बातचुलून नावाचं कुटुंब, परत एकदा खरं कुटुंब, आई-बाप आणि तीन लहान मुलं. थोरली नानसाल सहा-सात वर्षांची. तिला गुहेत एक कुत्रा सापडतो आणि ती त्याला घरी आणते. बाप नको म्हणतो, कारण तो लांडग्यांमध्ये राहिलेला असला तर लांडगे माग काढत मेंढरांपर्यंत येतील. बाप दुष्ट नाहीये, बापाचा हिशोब बरोबर आहे, आणि मुलीचा हट्टही बरोबर आहे, एवढ्यावरच सिनेमा उभा आहे. खलनायक नाही, मोठी घटना जवळजवळ शेवटापर्यंत नाही, नुसतं चीज बनवणं, शेण गोळा करणं, तंबू उतरवून गाड्यांवर लादणं. तो गोल तंबू म्हणजे गेर, लाकडी जाळीवर लोकर दाबून केलेलं जाड कापड. तो उतरवतानाचा अख्खा प्रसंग ती न घाई करता दाखवते, आपण कधी घर सोडलं असेल तर घशाशी येतं.

पण खरी गंमत छोट्या गोष्टींत आहे. नानसाल हट्ट करते तेव्हा आई तिला सांगते, तळहात सपाट धर आणि मधोमध चावून दाखव. मुलगी प्रयत्न करते, जमत नाही. इतक्या जवळ असूनही धरता येत नाही, दिसतं ते सगळं आपलं होत नसतं, हे आई भाषण न देता शिकवते. दुसऱ्या एका ठिकाणी म्हातारी आजी सुई उभी धरते आणि तिच्या टोकावर तांदळाचे दाणे सोडायला लावते. एक तरी दाणा टोकावर थांबतो का बघ. नाही थांबत. माणसाचा जन्म मिळणं तितकं अवघड, असं आजी म्हणते. लाखो योनींचा फेरा ऐकत मोठे झालेल्या आपल्याला हे अनोळखी वाटत नाही, फक्त आपल्याकडे आकडा सांगतात आणि तिथे सुई हातात देतात.

आणि तो डाव. बाप शहरातून येताना घरासाठी प्लास्टिकचा नवा हिरवा डाव घेऊन येतो. तो गरम भांड्यात वितळतो. कोणी काही बोलत नाही. नव्या जगाचं काय करायचं या प्रश्नावर दोन तासांचं भाषण देता आलं असतं, तिनं एक डाव वितळवला आणि पुढे गेली.

या सिनेमाला 2006 मध्ये जर्मनीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मुलांच्या सिनेमाचा.

'हे तर परदेशी लोकांसाठी बनवलेलं पोस्टकार्ड झालं'

हा आक्षेप येतोच आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पैसा जर्मन, प्रेक्षक युरोपातले, दिग्दर्शिका जर्मनीत राहणारी, आणि पडद्यावर मोकळं माळरान, गोंडस मुलं, प्राणी. मंगोलियाची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास, त्यातली जवळपास निम्मी माणसं एकट्या उलानबातरमध्ये राहतात, फ्लॅटमध्ये, ट्रॅफिकमध्ये, हिवाळ्यात कोळशाच्या धुरात. मग सारखं माळरानच का?

माझं मत सांगते. पोस्टकार्डावर वितळलेला डाव नसतो. पोस्टकार्डावर कुटुंबानं घर उचलल्यावर समोरून निवडणुकीचा भोंगा लावलेली गाडी येत नाही, कुत्र्याच्या सिनेमाच्या शेवटी ती येते. शिवाय हे दोन्ही सिनेमे आले तो काळ बघा. 1999 ते 2002 असे सलग तीन हिवाळे तिथे 'झुड' पडला होता. झुड म्हणजे उन्हाळ्यात दुष्काळ आणि मग हिवाळ्यात इतकं बर्फ आणि गारठा की जनावरांना गवतापर्यंत पोचताच येत नाही, उभ्या उभ्या मरतात. त्या तीन वर्षांत कोटभर जनावरं मेली. हजारो कुटुंबं कळप गमावून शहराच्या कडेला येऊन पडली. अशा वेळी एका कुटुंबाला एक पिल्लू वाचवताना दाखवणं म्हणजे गोड गोष्ट सांगणं नव्हे.

तरी एवढं मान्य, की त्या सिनेमांत झुड थेट दिसत नाही. राजकारण कडेला राहतं. ही उणीव मला पुढच्या सिनेमांमुळे जास्त जाणवली, कारण तिथे ती स्वतःच मध्ये उतरलीय.

मधला एक, गाण्याचा

2009 चा 'चंगीझ खानाचे दोन घोडे' थोडक्यात सांगते. उर्ना ही गायिका चीनच्या ताब्यातल्या इनर मंगोलियाची. तिच्या आजीचं मोरिन खूर चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओच्या काळातल्या जुनं ते मोडायच्या मोहिमेत, मोडलं गेलं, उरली फक्त घोड्याचं डोकं असलेली मान, आणि तिच्यावर एका जुन्या गाण्याच्या काही ओळी. उर्ना ती मान घेऊन सीमा ओलांडून मंगोलियात येते, वाद्य पुन्हा जोडून घ्यायला आणि गाण्याचे हरवलेले भाग शोधायला. देश दोन, भाषा एक, आणि गाणं अर्धं इकडे अर्धं तिकडे. फाळणीच्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला हा सिनेमा सावकाश असूनही धरून ठेवतो.

सोनं आलं आणि डॉक्युमेंटरी थांबली

त्यानंतर मोठी फट, आणि 2020 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात, मुलांच्या विभागात, 'व्हेन्स ऑफ द वर्ल्ड', जगाच्या शिरा. हा पूर्ण रचलेला कथापट, पात्रं काल्पनिक. अम्रा नावाच्या मुलाला टीव्हीवरच्या 'मंगोलियाज गॉट टॅलेंट'मध्ये गायचंय. बाप मेकॅनिक, आई चीज बनवणारी, आणि त्यांच्या चराऊ जमिनीवर सोन्याच्या खाणवाल्यांचा डोळा. बाप इतरांना एकत्र करून विरोध करतो. मग अपघातात बाप जातो, आणि मुलगा कोणाला न सांगता त्याच सोन्याच्या खड्ड्यांत कामाला लागतो.

थोडी पार्श्वभूमी लागेल. मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट मोठा, आणि त्याच्या पोटात तांबं, कोळसा, सोनं. 1997 च्या कायद्यानं खाणींना दार सताड उघडलं. मोठ्या कंपन्या आल्या, गोबीतल्या ओयू तोलगोई या तांबं-सोन्याच्या खाणीत तर सरकारचा वाटा 34 टक्के आणि बाकीचा रिओ टिंटो या कंपनीकडे. आणि दुसरीकडे आले 'निंजा'. हे निंजा म्हणजे बेकायदा, हातानं सोनं काढणारी साधी माणसं, बरीचशी झुडात कळप गेलेली. माती धुवायची हिरवी प्लास्टिकची घमेली ते पाठीला बांधून हिंडतात, लांबून कार्टूनमधल्या निंजा कासवांसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडलं.

नदीकाठचं सोनं काढायचं म्हणजे काठची माती-खडी खरवडायची, पाण्यानं धुवायची, आणि गढूळ पाणी परत नदीत. खाली ज्याची मेंढरं पाणी पितात त्याचं काय? ओंगी नदीसाठी लढणारे पशुपालक त्सेत्सेगी मुंखबयार यांना 2007 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. 2009 मध्ये नद्यांचे उगम, पाण्याच्या आसपासचा पट्टा आणि जंगल इथे खाणकामाला बंदी घालणारा कायदा झाला, त्याचं नाव इतकं लांबलचक की लोक त्याला 'लांब नावाचा कायदा'च म्हणतात. कायदा झाला तरी भांडण मिटलं नाही, अंमलबजावणीवरून आणि सवलतींवरून चालूच राहिलं.

आता प्रश्न असा की खऱ्या कुटुंबांबरोबर काम करणारी बाई इथे कथापटाकडे का वळली? तिच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण विचार करा. खऱ्या कुटुंबाला 'स्वतःचं दुःख परत एकदा करून दाखवा' असं उंटिणीच्या बाबतीत सांगता येतं कारण शेवटी पिल्लू वाचतं. ज्याचा बाप खरंच गेलाय त्या पोराला बापाचा मृत्यू परत कर असं सांगता येईल का? आणि ज्या खऱ्या माणसानं कंपनीविरुद्ध तोंड उघडलं त्याचा चेहरा जगभर दाखवून तुम्ही तर जर्मनीला परत जाणार, तो तिथेच राहणार. हार परत घालता येतो, पाठवणी नाही, तो मघाचाच मुद्दा. इथे रचलेली गोष्ट त्या माणसांवर पांघरूण घालते, म्हणून मला हा सिनेमा आधीच्यांपेक्षा कमी खरा वाटत नाही.

पण मंगोलियात राहून कोणी सिनेमे करतं की नाही?

करतात, आणि आता जोरात. झोलजरगाल पुरेवदाश या दिग्दर्शिकेचा 'इफ ओन्ली आय कुड हायबरनेट' 2023 मध्ये कान महोत्सवाच्या अधिकृत निवडीत पोचणारा पहिला मंगोलियन सिनेमा ठरला, उलानबातरच्या कडेच्या गेर वस्तीतला, भौतिकशास्त्रात हुशार असलेल्या पोराचा आणि कोळशाच्या धुराचा. त्याच वर्षी ल्खाग्वादुलाम पुरेव-ओचिरच्या 'सिटी ऑफ विंड'मधल्या नटाला व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोंती नावाच्या, नव्या वाटांच्या सिनेमांच्या विभागाचा अभिनयाचा पुरस्कार मिळाला. दोन्ही बायका, दोन्ही शहरातल्या गोष्टी. म्हणजे 'सारखं माळरानच का' याचं उत्तर तिथल्याच पोरींनी देऊन टाकलंय. ब्याम्बासुरेननं जगाला मंगोलियन सिनेमा बघायची सवय लावली नसती तर यांची वाट आणखी अवघड झाली असती असं मला वाटतं, पण यांचं यश यांचंच.

कुठून सुरू करायचं विचाराल तर कुत्र्यापासून करा, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला शेजारी बसवून, सबटायटल मोठ्यानं वाचून दाखवत. संवाद कमी आहेत, दमायला होत नाही. मी भाचीला असाच दाखवला. सिनेमा संपून जेवायला बसलो तरी तिचं चालूच होतं, तळहात सपाट धरून मधोमध चावायचं. तिची आई म्हणाली, अगं भात खा आधी. तिनं भात खाल्ला आणि दुसऱ्या हातावर प्रयत्न सुरू केला.